फळीवरचं मेण

“मेण म्हणजे शेवटी मेणच ना, फादर? की माझंच काही चुकतंय?”

डेरिल फादर उभ्यानंच विचारत होते. खुर्ची पुढ्यात होती, बसले नाहीत. आपलंच बरोबर आहे असं ज्याला ऐकायचं असतं, तो बसत नाही.

कैतान फादरांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर पितळी होती आणि पितळीत मोड आलेले कडवे वाल. एकेक वाल चिमटीत धरायचा, दाबायचा, साल इकडं, दाणा तिकडं. शहाऐंशी वर्षांची बोटं, पण दाणा मोडत नव्हता.

“बस. उभ्या माणसाला उत्तर वर फेकावं लागतं. माझा खांदा दुखतो.”

डेरिल फादर बसले. अगदी कडेवर.

दोघं कोण, ते सांगून टाकते.

कैतान फादर आमच्या भाटेगावात बावीस वर्षं धर्मगुरू होते. बदलीचे कागद यायचे, गाव परत पाठवायचं. आता अकरा वर्षं झाली, दोन गावं पलीकडं थकलेल्या फादरांसाठी घर आहे, तिथं असतात. डेरिल फादर त्यांचेच चेले. भाटेगावचेच. आठव्या वर्षी त्यांच्या वेदीपाशी उभे राहायला शिकले, तेराव्या वर्षी त्यांचीच चिठ्ठी घेऊन फादर व्हायला सेमिनरीत गेले, पुढं रोमला जाऊन शिकून आले. दोन वर्षांपूर्वी आमचे धर्मगुरू होऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी नवं देऊळ बांधायला काढलं.

चर्च म्हणा. वसईच्या या पट्ट्यात आमच्या पिढीतले देऊळच म्हणतात.

जुन्याची तुळई वाळवीनं खाल्ली होती, कौलं गळत होती, हे खरं. नवं चांगलंय, खोटं कशाला बोलू? आत एक खांब नाही. छताला लांब चीर ठेवलीय, तिच्यातून ऊन येतं ते थेट वेदीवर पडतं. थंड हवेची यंत्रं आहेत. लोक मुंबईहून गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात, जातात. सायबीण, म्हणजे आमची मारिया माता, ती आता काचेत आहे, दोन पुरुष उंचीवर. हार घालायचा नाही, तेल लावायचं नाही. बाईनं आत येऊन हात कुठं टेकायचा, एवढं मात्र पुण्याच्या त्या आर्किटेक्टनं कागदावर काढलं नव्हतं.

आणि फळी नाही.

जुन्या देवळात सायबीणीच्या समोर, भिंतीला, सागाची काळी फळी होती. तिच्यावर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही मुलं. ज्याचं जे दुखेल ते बाजारातून मेणाचं आणायचं आणि नवस बोलून ठेवायचं. आम्हीच नव्हे, कोळणी यायच्या, भंडारणी यायच्या, कपाळाला कुंकू असलेल्या यायच्या. फळीनं कधी कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला विचारला नाही. बांधकाम चाललं ती दोन वर्षं सायबीण पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, फळीही तिच्यासमोर तिथंच राहिली.

महिन्यापूर्वी सायबीण नव्या देवळात गेली. फळी गेली नाही.

पुढचं बोलणं मी ऐकलेलं नाही. त्या घरात वाल भिजत घालणारी बाई माझी मावसबहीण लागते, आणि ती स्वयंपाकघराचं दार कधीच लावत नाही.

“रविवारी बिशप येतायत,” डेरिल फादर म्हणाले. “देवळाचा अभिषेक आहे.”

“पत्रिका आली.”

“आणि माझ्या दारात रेजिनाबाय बसलीय. बारा दिवस. सकाळी सहाला येते, पायरीवर बसते. शिव्या देत नाही, रडत नाही. मी बाहेर आलो की एकच वाक्य. ‘माझ्या पोराचा पाय द्या, फादर.’ दहा वाजता भाजीची टोपली उचलते आणि बाजारात जाते. दुसऱ्या दिवशी परत.”

“दे मग.”

“काय देऊ? तो वितळवला मी! ते सगळंच वितळवलं.”

साल इकडं, दाणा तिकडं.

रेजिनाबायचं असं. नवरा नाही. एकच मुलगा, जोएल, तेवीस वर्षांचा, टेम्पो चालवायचा. गणपतीच्या दिवसांत टेम्पो नाल्यात उलटला आणि उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. सळई घातली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता पायावर भार टाक, चाल. महिनाभरात चालला नाहीस तर गुडघा आखडेल, मग जन्मभर वाकणार नाही. जोएल वॉकर धरून अंगणात चालायला लागला. पहिल्या दिवशी चार पावलं. मग सात. मग अकरा. आई फळीवर मेणाचा उजवा पाय ठेवून आली होती, आणि पोरानं ठरवलं होतं की शेडपर्यंत वॉकर टाकून जायचं.

मग त्याला कळलं की पाय फळीवर नाही, वितळला. त्या दिवशी तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही.

“डॉक्टर दोनदा येऊन गेले,” डेरिल फादर सांगत होते. “सगळं जुळलंय म्हणतात. उठत का नाहीस विचारलं तर जोएल म्हणतो, ‘तिनं नाही म्हटलंय, आता कशाला.’ तिनं म्हणजे सायबीणीनं! तेवीस वर्षांचा मुलगा, फादर. दहावी झालेला. फोनवर सगळं जग बघतो. आणि मेणाचा तुकडा वितळला म्हणून...”

“तू काय केलंस?”

“नवा पाय पाठवला. मुंबईहून मागवला, चांगला, मोठा. रेजिनाबायनं खोक्यासकट परत आणून दिला.”

“आणखी?”

“चिठ्ठी लिहिली.”

“आणखी?”

“मुख्य दारापासून वेदीपर्यंत उतार करून घेतलाय मी, चाकाच्या खुर्चीसाठी. पायरीच नाही मध्ये. त्याला कुणी उचलायलासुद्धा नको.”

कैतान फादरांनी पहिल्यांदा वर बघितलं.

“म्हणजे तुझी तयारी झाली.”

“कसली?”

“तो न चालण्याची.”

डेरिल फादरांनी बॅग उघडली. माणसाला उत्तर सापडलं नाही की तो बॅग उघडतो. आतून गुळगुळीत कागदाचं मासिक निघालं, इमारतींची चित्रं छापणारं. मधली दोन पानं उघडून त्यांनी म्हाताऱ्यासमोर धरली. देऊळ. चीर, ऊन, वेदी, आणि वेदीशेजारी माणसाएवढी उंच मेणबत्ती.

“हे बघा. तुम्ही अजून आला नाहीत, म्हणून आणलं.”

कैतान फादरांनी पानं बघितली. नीट बघितली. मग मासिक तसंच उघडं स्टुलावर पसरलं आणि पितळीतली सालं त्याच्यावर काढून ठेवली.

“कागद चांगलाय. भिजत नाही.”

“फादर!”

“ही मेणबत्ती?”

“तीच.” आवाजात पुन्हा तेज आलं. “चार टोपल्या भरल्या त्या फळीवरून. चार! हात, पाय, डोळे, घरं, मुलं. किती वर्षांचं साठलं होतं. टाकून द्यायला माझं मन होईना. ही केवढी कृतज्ञता, फादर. म्हटलं, गावाची सगळी कृतज्ञता एका ज्योतीत आणू. बिशप ती पेटवतील. पत्रिकेवर छापलंय तसं, ‘भाटेगावच्या कृतज्ञतेची ज्योत.’”

“कृतज्ञता.”

“हो. बरे झालेल्या लोकांनी ठेवलेली...”

वाल सोलणारी बोटं थांबली.

“बरे झालेल्यांनी काय ठेवलं?”

“ते... मेणाचे...”

“डेरिल, शनिवारी पहाटे, मिस्सेच्या आधी, तू देवळात कधी होतास?”

“तेराव्या वर्षी मी सेमिनरीत गेलो. आणि आता माझी मिस्सा सातची असते.”

“त्याच्या आधी बाया येतात. बायांचंच काम ते, पुरुष फिरकत नाहीत. ज्याचं दुखणं गेलं, त्याला बाया घेऊन येतात. त्यानं आपला पाय फळीवरून स्वतः उचलायचा. स्वतः. सायबीणीपुढं परातीत ठेवायचा आणि पेटवायचा. जळून जातो. काही उरत नाही.”

डेरिल फादर ऐकत होते.

“मग फळीवर कुणाचं उरतं? सांग. रोमला शिकलायस.”

“ज्यांचं...” डेरिल फादरांनी ओठ ओले केले. “ज्यांचं झालं नाही.”

“चार टोपल्या,” कैतान फादर म्हणाले, आणि पुढचा वाल घेतला.

आत मावसबहिणीनं कुकरची शिटी होऊ दिली नाही. गॅस बारीक केला.

इथं दुसरा कुणी असता तर खाली मान घालून उठला असता. डेरिल फादर तसे नाहीत. त्यांच्यात पीळ आहे, आणि माझ्या मते तेवढी एकच गोष्ट त्यांनी रोमहून आणलेली नाही. ती त्यांच्या आईची.

“मग बरंच झालं वितळवलं ते!” ते म्हणाले. उठून उभे राहिले. “ऐका आता. मी नऊ वर्षांचा होतो. लीना पाच वर्षांची. तिला ताप होता, मान वाकत नव्हती तिची. आयनं काय केलं? बाजारातून मेणाची मुलगी आणली आणि तुमच्या फळीवर ठेवली. नऊ दिवसांची नोव्हेना धरली. संध्याकाळी घरी येऊन नोव्हेना कोण म्हणायचं, फादर?”

“मी.”

“सातव्या दिवशी लीना गेली. दवाखाना सहा किलोमीटरवर होता. तुमच्याकडं जीप होती.”

“होती.”

“हिरव्या रंगाची. मी रोज धुवायचो ती.”

“होती, डेरिल.”

“मग?”

अंगणात कुणीतरी झाडत होतं, ते झाडून झालं.

“मी तुझ्या आयला म्हटलं होतं,” कैतान फादर म्हणाले. “दवाखान्यात नेऊ या म्हणून. एकदा म्हटलं. हळूच.”

“हळूच का?”

“घरात दहा बाया बसल्या होत्या. मोठ्यानं म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, फादरचाच विश्वास नाही.”

“तुम्हाला त्यांचा विश्वास मोडायचा नव्हता.”

“माझ्यावरचा.”

डेरिल फादर भिंतीकडं वळले. तिथं कॅलेंडर होतं, ते वाचत राहिले.

“म्हणून मला ती फळी नको होती,” ते कॅलेंडरला म्हणाले. “मी बांधलेल्या देवळात कुणाची लीना फळीवर ठेवली जाणार नाही. ज्याला ताप येईल तो दवाखान्यात जाईल. यात माझं काय चुकलं ते सांगा, मग मी जातो.”

“त्यात काहीच चुकलं नाही. ते मी करायला हवं होतं, तू केलंस.”

“मग?”

“ती मुलगी बघितलीस? मेणाची?”

“कुठली?”

“तुझ्या आयची.”

“ती कुठून असणार? एकोणतीस वर्षं झाली. आयनं केव्हाच फेकली असेल.”

“एवढीशी होती. गळ्यात निळा दोरा.”

डेरिल फादर वळले. चेहरा उतरला होता, मावसबहिणीला दारातून दिसला.

“दोरा...” ते म्हणाले. “चौथ्या टोपलीत होती. तो दोरा मीच तोडला. मेणबत्तीवाला म्हणाला, दोरा मेणात गेला तर ज्योत तडतडते. मी म्हटलं, कुणी बांधलाय हा, काय एकेक प्रकार... हसलो सुद्धा. पण लीना गेली होती. मग आयनं ती तिथं का ठेवली? कशासाठी?”

“मीही विचारलं. महिनाभरानं. म्हटलं, बाय, घरी घेऊन जा ती, रोज बघून तुला त्रास होतो. तर तुझी आय म्हणाली, ‘नेणार नाही. इथंच राहील. तिला रोज दिसू दे.’”

“कुणाला?”

“फळीच्या समोर कोण होतं?”

डेरिल फादर खुर्चीत बसले. या वेळी पूर्ण बसले.

“मी असेपर्यंत अठरा वर्षं बघितलंय,” कैतान फादर म्हणाले. “दर शनिवारी यायची. पदरानं ती मुलगी पुसायची. हात जोडायची नाही. गुडघे टेकायची नाही. पुसून झालं की सायबीणीकडं बघायची. मी एवढी वर्षं वेदीवर उभा राहिलो, पण इतका वेळ कुणी तिच्याकडं बघितलेलं मी पाहिलं नाही. मीसुद्धा बघितलं नाही.”

“आणि मग घरी जायची?”

“मिस्सेला बसायची. पहिल्या बाकावर.”

“मला कधी बोलली नाही.”

“तू फादर व्हायला निघाला होतास. त्या चार टोपल्यांत तशाच होत्या सगळ्या. सायबीणीला विचारत होत्या, का नाही केलंस. तू त्यांची मेणबत्ती केलीस आणि वर लिहिलंस की आभारी आहोत.”

आता मला कुणी सांगावं, हे पाप कुठल्या आज्ञेखाली येतं. दहाच्या दहा मला पाठ आहेत. चोरी म्हणावी तर घरी नेलं नाही. खोटी साक्ष म्हणावी तर त्यांना ते खरंच वाटत होतं. मी पुष्कळ शोधलं. शिकलेल्या माणसांची पापं लिहून ठेवायला जागाच ठेवलेली नाही कुणी.

डेरिल फादर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मग हळूच म्हणाले,

“तुम्ही चला ना माझ्याबरोबर. जोएल तुमचं ऐकेल. तुम्हीच त्याला बाप्तिस्मा दिलाय. तुम्ही नुसतं म्हणा, ‘ऊठ, चाल.’ तो उठेल.”

“ते म्हणणारा दुसरा होता. मला जमत नाही.”

“चेष्टा करू नका, फादर. आठ दिवस राहिलेत डॉक्टरांनी सांगितलेले. गुडघा धरला तर तो मुलगा जन्मभर त्या खुर्चीत बसेल, आणि त्याची आई माझ्या पायरीवर.”

“तू गेलास त्याच्याकडं?”

“नवा पाय पाठवला, चिठ्ठी...”

“तू गेलास?”

“अभिषेकाची कामं होती.”

“डेरिल.”

“नाही. नाही गेलो.”

“का?”

कैतान फादरांनी पितळी खाली ठेवली. हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले. मग त्यांनी जे विचारलं ते फार साधं होतं.

“जोएलला काय माहीत आहे?”

“म्हणजे?”

“पाय कसा वितळला म्हणून त्याला माहीत आहे?”

डेरिल फादरांनी इकडंतिकडं बघितलं.

“उन्हानं.”

“कशानं?”

“उन्हानं. पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा तापला आणि...”

“नोव्हेंबरात? कुणी सांगितलं त्याला?”

“गावातच सगळ्यांना तसं... बाया विचारायला लागल्या तेव्हा तोंडातून निघून गेलं. की बरंचसं उन्हानं आपोआप वितळलं होतं, म्हणून गोळा करून मेणबत्ती केली. मला वाटलं, वाईट कमी वाटेल.”

“वाईट कमी वाटेल.”

“लोकांना खरंही वाटलं, फादर.”

“रेजिनाला?”

“तिला नाही. टोपल्या भरल्या त्याच्या आदल्याच संध्याकाळी ती तो पाय पुसून आली होती, धड होता. मेणबत्तीवाल्याकडं जाऊन तिनं विचारलं. तिला सगळं माहीत आहे.”

“मग पोराला का सांगत नाही?”

“भीतीनं. जोएल तापट आहे. टेम्पो आडवा घातला म्हणून एकाचा दात पाडलाय त्यानं. फादरवर हात उचलला तर गावात तोंड कुठं दाखवायचं तिनं? म्हणून पोरासमोर गप्प बसते आणि माझ्या पायरीवर येऊन...” ते थांबले.

कैतान फादर त्यांच्याकडं बघत होते. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं, असं मावसबहीण म्हणाली.

“म्हणजे त्या पोराला वाटतंय, पाय सायबीणीनं परत केला.”

“हो.”

“केला कुणी?”

“मी.”

“बारा दिवस तो तिच्यावर रुसून खुर्चीत बसलाय. आणि तू तिच्या काचा पुसून घेतोयस.”

“रविवार पुढं ढकलू का, फादर? बिशपांना फोन करतो. ती मेणबत्ती काढून टाकतो. फळी परत बसवतो. वेदीवरून सगळ्यांची माफी मागतो, हवं तर पत्रिका नवीन छापतो.”

“तुझं कसंय ना, डेरिल. चूक झाली की तू बांधकाम काढतोस.”

“मग काय करू? सांगा तरी!”

“आत्ता जा. जोएलच्या अंगणात. कुणाला बरोबर नेऊ नकोस. हा पांढरा झगा काढून जा.”

“आणि?”

“दारापाशी उभा राहा. खुर्चीजवळ जाऊ नकोस.”

“काय बोलू?”

“जे केलंस ते. पाय मी वितळवला. तुला विचारलं नाही. वर खोटं सांगितलं. सायबीणीनं तुला काहीही म्हटलेलं नाही, हो नाही आणि नाहीही नाही.”

“आणि क्षमा मागू.”

“मागू नकोस. मुलगा मनाचा चांगला आहे. लगेच देऊन टाकेल.”

डेरिल फादर उठले. झग्याच्या वरच्या गुंडीशी त्यांची बोटं गेली आणि तिथंच राहिली. दारापर्यंत गेले, पुन्हा मागं वळले. नऊ वर्षांच्या मुलासारखा आवाज आला त्यांचा.

“तो मला मारेल, फादर.”

कैतान फादरांनी पितळी पुन्हा मांडीवर घेतली आणि एक वाल उचलला.

“बसून?”